मीठदाणीचे अर्थशास्त्र

युरोपातील मोठ्या वस्तुसंग्रहालयांत मृत्पात्रांचे एक दालन असते आणि त्या दालनातील एखाद्या काचेच्या कपाटात बहुधा अशी एक वस्तू असते, की तिचा उपयोग काय असावा हे प्रेक्षकाला पाहताक्षणी उमगत नाही. भाजलेल्या मातीचे वीतभर उंचीचे एक शिल्प. त्याला खांब, कमानी, सिंहमुखे, वेलबुट्टी. आणि या साऱ्या वैभवाच्या माथ्यावर एक लहानशी उथळ वाटी. एवढ्या थाटाच्या वस्तूत मावतो तो ऐवज अवघा मूठभर, आणि तोही कोणता, तर मीठ! ही युरोपातील सोळाव्या-सतराव्या शतकातील मीठदाणी. पंगतीत पानावर सर्वांत आधी मीठ वाढले जाते आणि त्यासाठी साध्या वाटीपलीकडे काही लागत नाही, हे लहानपणापासून पाहिलेल्या मराठी माणसाला या थाटाचे नवल वाटणे स्वाभाविक आहे.

या नवलाचे एक ठरावीक उत्तर दिले जाते. त्या काळी मीठ दुर्मिळ होते, म्हणून मौल्यवान होते आणि म्हणून त्याचे पात्रही मौल्यवान असे. हे उत्तर सोयीचे असले तरी अपुरे आहे. ज्या फ्रान्समध्ये या मीठदाण्या घडल्या, त्या देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्राची भरती आणि सूर्याचे ऊन या दोन फुकटच्या साधनांवर मिठाचे ढीग तयार होत होते. निसर्गाने मीठ दुर्मिळ केले नव्हते. ते महाग केले होते राजसत्तेने, कर बसवून. मीठदाणीची कथा सांगताना हा कर वगळला, तर उरते ती केवळ नक्षी.

मिठाचा मान

मध्ययुगीन युरोपात सरदाराच्या भोजनगृहात लांबलचक मेज मांडले जाई आणि यजमानासमोर एक उंच मीठदाणी ठेवली जाई. तिच्या वरच्या अंगाला बसणारे मानाचे पाहुणे आणि खालच्या अंगाला बसणारे कनिष्ठ दर्जाचे, अशी विभागणी असे. 'मिठाच्या खालचा' हा कमी प्रतीच्या माणसासाठीचा इंग्रजी वाक्प्रचार याच प्रथेची आठवण आहे. मीठदाणी हे केवळ भांडे नव्हते. समाजाच्या उतरंडीचे ते मेजावर ठेवलेले चिन्ह होते.

या मीठदाण्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध आहे ती सोन्याची. फ्लॉरेन्सचा कारागीर बेन्व्हेनुतो चेल्लिनी याने ती फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा याच्यासाठी घडविली आणि १५४३ मध्ये पुरी केली. समुद्रदेव आणि भूमाता समोरासमोर बसले आहेत आणि समुद्रदेवाच्या शेजारच्या छोट्या नौकेत मीठ ठेवावयाचे आहे, अशी तिची रचना. आज ती व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. २००३ मध्ये तिची चोरी झाली आणि २००६ मध्ये ती परत मिळाली, तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांत तिचे वर्णन छापून आले.

सोने परवडेल असे यजमान थोडेच. परंतु राजदरबारातील अभिरुचीने मातीलाही प्रतिष्ठा दिली. इटलीत कथलाच्या पांढऱ्या झिलईवर रंगीत चित्रे काढलेल्या मीठदाण्या उर्बिनोसारख्या गावांत तयार होत. फ्रान्समध्ये सोळाव्या शतकाच्या मध्यास सें-पोर्शेर या नावाने ओळखली जाणारी भांडी तयार झाली. पांढुरक्या, तलम मातीवर ठशांनी नक्षी उमटवावयाची, त्या खोलगट रेषांत गडद माती भरावयाची आणि वर शिशाची पारदर्शक झिलई द्यावयाची, असे हे किचकट काम होते. त्यांपैकी आज सारी मिळून सुमारे सत्तर भांडी जगात शिल्लक आहेत आणि त्यांत त्रिकोणी-षट्कोनी इमारतींसारख्या दिसणाऱ्या मीठदाण्या आहेत. मातीच्या भांड्याने इतका मान त्यापूर्वी फ्रान्समध्ये क्वचितच मिळविला असेल.

कुंभार आणि मिठागर

या मानामागची दुसरी बाजू पाहावयाची असेल, तर बेर्नार पालिसी या कुंभाराच्या चरित्राकडे वळावे लागते. फ्रान्सच्या पश्चिमेकडील सेंतोंज प्रांतात राहणारा हा मनुष्य पांढऱ्या झिलईचे रहस्य शोधण्याच्या मागे लागला होता. भट्टीसाठी लाकूड संपले, तेव्हा त्याने घरातील मेजे आणि जमिनीच्या फळ्या उखडून जाळल्या, ही त्याची हकीकत युरोपात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. साप, मासे, शंख, पाने यांच्या हुबेहूब आकृत्यांनी नटलेल्या त्याच्या थाळ्यांनी पुढे मोठी कीर्ती मिळविली. त्याच्या आणि त्याच्या अनुयायांच्या नावावर मोडणाऱ्या भांड्यांत मीठदाण्याही आहेत.

त्याच्या चरित्रातील एक प्रसंग मात्र तितकासा सांगितला जात नाही. हे प्रयोग करता करता तो कंगाल झाला असताना, १५४३ च्या सुमारास, राजाचे अधिकारी सेंतोंजमध्ये आले. तोवर या मिठागरांच्या प्रांतावर मिठाच्या कराचा बोजा तुलनेने हलका होता. 'गाबेल' या नावाने ओळखला जाणारा हा कर तेथे कडकपणे लागू करावयाचा, तर मिठागरांची मोजणी आणि नकाशे हवेत. ते काम पालिसीला मिळाले. त्याने मोजणी केली, मोबदला घेतला आणि त्या पैशांवर झिलईचे प्रयोग पुन्हा सुरू केले. ही गोष्ट त्याने स्वतःच १५८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात सांगितली आहे. चेल्लिनीची सोन्याची मीठदाणी ज्या राजासाठी ज्या सुमारास पुरी होत होती, त्याच राजासाठी त्याच सुमारास एक कुंभार मिठागरांच्या कडेने मोजणी करीत हिंडत होता.

या कराचा परिणाम लवकरच दिसला. १५४८ च्या उन्हाळ्यात अँगुमुआ, सेंतोंज आणि गिएन या भागांतील शेतकरी गाबेलविरुद्ध उठले. बोर्दो शहरात जमावाने राजाच्या प्रतिनिधीला ठार मारले. तोवर गादीवर दुसरा आंरी आला होता. त्याने सरसेनापती आन द मॉन्मोरांसी याला सैन्य देऊन पाठविले आणि सरसेनापतीने शहराला जरब बसेल अशा शिक्षा दिल्या. शंभराहून अधिक लोकांना देहदंड झाला, शहराचे हक्क काढून घेण्यात आले. तथापि उठाव अगदीच वाया गेला नाही. राजाने पुढे नमते घेतले आणि १५५३ पर्यंत या प्रांतांनी एकरकमी मोठी खंडणी भरून गाबेलमधून सुटका विकत घेतली.

हाच मॉन्मोरांसी त्यानंतरच्या काही वर्षांत पालिसीचा आश्रयदाता झाला. आपल्या वाड्यासाठी मृत्शिल्पांनी सजविलेली एक कृत्रिम गुहा घडविण्याचे काम त्याने पालिसीकडे सोपविले. धर्माने प्रॉटेस्टंट असलेल्या या कुंभाराला त्याने संकटसमयी आधारही दिला. येथे कोणाला खलनायक ठरविण्याचे कारण नाही. पालिसीला पोट होते, मॉन्मोरांसीला अभिरुची होती. परंतु कर, उठाव, दडपणूक आणि कला या चार गोष्टी एकाच प्रांतात, एकाच दशकात आणि त्याच माणसांच्या आयुष्यात एकत्र याव्यात, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा भाग नाही. जी सत्ता मिठावर कर बसविते, तिच्याच मेजावर मिठाचे सर्वांत सुंदर पात्र असते.

'हंडी आणि मीठदाणी'

मीठदाणीचे आणखी एक रूप फ्रान्सच्या कायद्यात सापडते. चौदाव्या लुईच्या कारकीर्दीत १६८० मध्ये मिठाच्या कराचे नियम एकत्र करून जारी करण्यात आले. ज्या प्रांतांत गाबेल सर्वांत जड होता, तेथे आठ वर्षांवरील प्रत्येक माणशी वर्षाकाठी ठरावीक मीठ सरकारी कोठारातून सक्तीने विकत घ्यावे लागे. चौदा माणसांमागे सुमारे पन्नास किलो, म्हणजे माणशी साडेतीन किलो, असे हे प्रमाण होते. या मिठाला कायद्याने नाव दिले होते 'हंडी आणि मीठदाणी' यांसाठीचे मीठ. म्हणजे ते स्वयंपाकाच्या हंडीत घालावे आणि मेजावरच्या मीठदाणीत ठेवावे; त्याखेरीज दुसरा उपयोग करू नये. हिवाळ्यासाठी डुकराचे मांस खारवून ठेवावयाचे असेल, तर त्यासाठी वेगळे मीठ घ्यावयाचे आणि त्याची वेगळी नोंद करावयाची. हंडीतले मीठ वाचवून मांसाला लावणारा शेतकरी गुन्हेगार ठरे.

सरदाराच्या घरी मीठदाणी ही शोभेची वस्तू, तर शेतकऱ्याच्या घरी ती कर मोजण्याचे माप! त्या शेतकऱ्याच्या घरी बहुधा चुलीजवळ टांगलेले मातीचे एक ओबडधोबड भांडेच असे. पण कायद्याच्या लेखी तीही मीठदाणीच होती आणि ती भरणे त्याच्यावर बंधनकारक होते.

सर्व प्रांतांना एकच दर असता, तर निदान समान जाच झाला असता. परंतु ब्रिटनीसारखा प्रांत करमुक्त आणि शेजारचे प्रांत जड करात. सीमेच्या अलीकडे-पलीकडे मिठाच्या किमतीत वीसपटींहून अधिक फरक पडे. एवढा फरक असला, की चोरटा व्यापार होणारच. हा अर्थशास्त्राचा प्राथमिक नियम. बायका कपड्यांत मीठ लपवून आणीत, लहान मुले पोटली घेऊन येत, कुत्र्यांना शिकवून त्यांच्या अंगावर मीठ बांधून पाठवीत. पकडलेल्यास दंड, फटके, राजाच्या गलबतांवर वल्ही मारण्याची शिक्षा आणि शस्त्रे बाळगून पुन्हापुन्हा हा धंदा करणाऱ्यास मृत्युदंड. १७८९ मध्ये गावोगावच्या जनतेने राजापुढे मांडलेल्या तक्रारींत गाबेलविषयीचा संताप वारंवार आढळतो. १७९० मध्ये क्रांतीच्या संसदेने हा कर रद्द केला. नेपोलियनने १८०६ मध्ये तो पुन्हा बसविला, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. क्रांतीनंतरच्या तिजोरीलाही मिठाचा मोह आवरला नाही.

हा मोह का होतो, याचे उत्तर ॲडम स्मिथने १७७६ मध्ये दिले आहे. मीठ हा करासाठी फार प्राचीन आणि जवळजवळ सार्वत्रिक विषय आहे. एका माणसाला वर्षभरात लागणारे मीठ इतके थोडे आणि ते इतके हळूहळू विकत घेता येते, की बराच जड कर बसला तरी तो फारसा जाणवणार नाही असे राज्यकर्त्यांना वाटते, असा त्याच्या विवेचनाचा आशय आहे. आधुनिक परिभाषेत सांगावयाचे, तर मिठाची मागणी अलवचिक आहे. किंमत वाढली म्हणून कोणी मीठ सोडू शकत नाही. श्रीमंत आणि गरीब जवळजवळ सारखेच मीठ खातात. म्हणूनच मिठावरचा कर उत्पन्नाच्या प्रमाणात गरिबावर अनेकपट अधिक बसतो. मीठदाणी कितीही मोठी केली, तरी सरदाराच्या पोटात मीठ मूठभरच जाणार. उरलेला पैसा नक्षीत जातो.

चांदी वितळते, माती उरते

मातीच्या मीठदाण्या आज इतक्या का दिसतात, यालाही आर्थिक कारण आहे. चांदी ही वस्तू असतानाही चलनच असते. तिजोरी रिकामी झाली, की चांदीची भांडी टांकसाळीच्या भट्टीत जातात. इंग्लंडमध्ये १६४२ नंतरच्या यादवी युद्धात पहिल्या चार्ल्सने ऑक्सफर्डच्या महाविद्यालयांतील चांदी नाणी पाडण्यासाठी घेतली. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईने युद्धखर्चासाठी १६८९ मध्ये व्हर्सायच्या राजवाड्यातील चांदीचे सामान वितळविले आणि १७०९ च्या भीषण हिवाळ्यानंतर सरदारांनाही आपली चांदी द्यावी लागली. त्या वेळी आठवड्याभरात सारे प्रतिष्ठित लोक झिलईच्या मातीच्या भांड्यांकडे वळले, असे दरबारी स्मृतिकार सें-सिमाँ याने नमूद केले आहे. रुआँ, नेव्हेर, मुस्तिये येथील कुंभारांना या युद्धांनी बाजारपेठ मिळवून दिली. मातीचे भांडे फुटते, हे खरे. पण ते वितळवून सैनिकांचा पगार देता येत नाही, म्हणून ते राजाच्या हातून वाचते.

मिठाच्या बाबतीत तर माती चांदीपेक्षा सरस आहे. ओलसर मीठ चांदीला खाते, तिच्यावर डाग पाडते. म्हणून चांदीच्या मीठदाणीला आतून सोन्याचा मुलामा किंवा काचेची वाटी लागे. चांगल्या झिलईच्या मातीवर मिठाचा काही परिणाम होत नाही. ही गोष्ट लोणच्याची चिनी मातीची बरणी वापरणाऱ्या मराठी गृहिणीला सांगावयास नको.

पुढे युरोपात खऱ्या चिनी मातीचा, म्हणजे पोर्सलीनचा काळ आला. चीनमधील कारागीर युरोपीय धातूच्या नमुन्यांबरहुकूम निळ्या-पांढऱ्या मीठदाण्या बनवून व्यापारी कंपन्यांमार्फत पाठवीत. त्यांच्या स्वतःच्या जेवणात तसल्या मीठदाणीला स्थान नव्हते. १७१० मध्ये सॅक्सनीतील माइसेन येथे युरोपचा पहिला पोर्सलीनचा कारखाना निघाला. लंडनजवळच्या चेल्सी येथे निकोलस स्प्रिमाँ या मूळच्या रौप्यकाराने १७४५ च्या सुमारास शिंपल्याशेजारी झिंग्यासारखा जलचर विसावलेला आहे, अशी पांढरीशुभ्र मीठदाणी काढली. तशाच मीठदाण्या त्याने थोडे आधी ब्रिटिश युवराजासाठी चांदीत घडविल्या होत्या. आकार तोच राहिला, द्रव्य बदलले. चांदीच्या मीठदाणीची किंमत बरीचशी धातूत असते. मातीच्या मीठदाणीची किंमत जवळजवळ सारी श्रमात आणि कौशल्यात असते. या अर्थाने मातीची मीठदाणी ही अधिक प्रामाणिक वस्तू आहे.

मीठ स्वस्त झाले, पण कोणासाठी?

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मीठदाणी सामान्यांच्या आवाक्यात आली. मोठ्या दालनातील एका मेजाऐवजी लहान खोल्यांतील जेवणे रूढ झाली होती आणि उंच मीठदाणीची जागा प्रत्येकाच्या ताटाजवळच्या छोट्या मीठदाणीने घेतली होती. स्टॅफर्डशरच्या कारखान्यांतून स्वच्छ, फिकट रंगाची, स्वस्त भांडी निघू लागली. तेथील पांढऱ्या भांड्यांच्या एका प्रकाराची झिलई तर तापलेल्या भट्टीत मीठ टाकूनच मिळे. वेजवुडच्या पुढाकाराने खणलेल्या आणि १७७७ मध्ये पुऱ्या झालेल्या कालव्याने कुंभारांचा हा मुलूख आणि चेशरचा मिठाचा मुलूख जोडला गेला.

तरीही इंग्लंडात मिठावर कर होताच. नेपोलियनशी चाललेल्या युद्धाच्या काळात तो बुशेलमागे पंधरा शिलिंगांपर्यंत गेला. म्हणजे उत्पादनखर्चाच्या कितीतरी पट. लोकमताच्या दडपणाने अखेर १८२५ मध्ये तो पूर्णपणे रद्द झाला. इंग्रज कामगाराची मीठदाणी करमुक्त झाली.

हिंदुस्थानची झाली नाही, आणि येथे या कथेचा धागा आपल्यापर्यंत येतो. चेशरचे मीठ लिव्हरपूलहून जहाजांतून कलकत्त्यास येऊ लागले आणि बंगालमधील मीठ पिकविणाऱ्यांचा धंदा बुडाला. देशांतर्गत मिठाची चोरटी ने-आण रोखण्यासाठी उभारलेली सुमारे २३०० मैलांची जकातीची सरहद्द, जिचा मोठा भाग काटेरी कुंपणाचा होता, १८७९ पर्यंत टिकली. एके काळी तिच्यावर सुमारे बारा हजार माणसे पहाऱ्याला होती. ब्रिटनीच्या सीमेवर जे घडले, तेच येथे खंडप्राय प्रमाणावर घडले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन केलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ च्या अर्थसंकल्पावरील आपल्या विख्यात भाषणात मणामागे अडीच रुपयांचा हा कर कमी करावा, अशी मागणी आकडेवारीनिशी मांडली. पुढील पाच वर्षांत तो टप्प्याटप्प्याने एक रुपयावर आला. एका प्राध्यापकाच्या आकडेवारीने साधले ते थोडे नव्हते. परंतु कराचे तत्त्व कायमच राहिले. १९३० मध्ये दांडी, वडाळा आणि शिरोडा येथे लोकांनी मूठभर मीठ उचलले, ते या तत्त्वालाच आव्हान देण्यासाठी. हा कर गेला १९४७ मध्ये. इंग्लंडातील करानंतर तब्बल १२२ वर्षांनी.

दरम्यान मीठदाणीचेही दिवस भरत आले होते. मिठाने ओल धरू नये म्हणून १९११ पासून अमेरिकेत त्यात मॅग्नेशियम कार्बोनेट मिसळले जाऊ लागले. मोकळे मीठ छिद्रांच्या झाकणाच्या कुपीतून शिंपडता येऊ लागले आणि उघड्या वाटीची गरज संपली. मीठ स्वस्त, पात्र क्षुल्लक आणि त्याच्याभोवतीचा मानपान नाहीसा, अशी ही परिणती झाली.

यावर कोणी म्हणेल, की कलाकृतीकडे कलाकृती म्हणून पाहावे; तिच्यामागे कराचे हिशेब कशाला? या आक्षेपात तथ्य आहे. सें-पोर्शेरच्या कारागिराची बोटे ज्या सफाईने चालली, तिला दाद न देणे हा करंटेपणा होईल. पण पात्राच्या सौंदर्याला दाद देताना त्यातील पदार्थाचा विसर पडावा, हेही योग्य नव्हे. संग्रहालयातील मीठदाणीत मीठ नसते. ते कोठून आले, ते भरण्यासाठी कोणी किती मोजले आणि मोजता न आल्यामुळे कोण गलबतावर गेला, हे तिच्याखालच्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते.

भारतात २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, तेव्हा मीठ शून्य दरात ठेवण्यात आले. इतिहासाचा तेवढा धडा गिरविला गेला, हे समाधानाचे आहे. परंतु प्रश्न केवळ मिठाचा नाही. जी वस्तू गरिबाला टाळता येत नाही, तीच राज्यकर्त्यांना करासाठी सर्वांत सोयीची वाटते, हा अनुभव १५४८ मध्ये सेंतोंजला आला आणि १९३० मध्ये शिरोड्याला आला. प्रत्येक अर्थसंकल्पाच्या वेळी जीवनावश्यक वस्तूंवरील अप्रत्यक्ष कराचा विचार करताना 'हा कर थोडासाच आहे, जाणवणार नाही' असा युक्तिवाद ऐकू येईल, तेव्हा तो नेमका कोणाच्या ताटाजवळ बसून केला जात आहे, एवढे विचारले पाहिजे. खाल्ल्या मिठाला जागावे, असे आपली भाषा सांगते. ज्यांनी त्या मिठाची किंमत मोजली, त्यांना न विसरणे हाही मिठाला जागण्याचाच एक प्रकार आहे.